शिकवणारा गवंडी : पाबळच्या विज्ञान आश्रमातली माणसं

(कळमनुरी येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)



आजचा विषय वरवर पाहिला तर लहान आहे. वस्तू घडवायला आणि घर बांधायला शिकवणारी एक छोटी शाळा, आणि त्या शाळेत काम करणारी माणसं. शाळेच्या इमारतीबद्दल, तिथल्या यंत्रांबद्दल बरंच लिहिलं-बोललं जातं. मला आज माणसांबद्दल बोलायचं आहे. तिथे शिकवतं कोण? त्याला काय येत असावं लागतं? आणि असा माणूस मिळणं आणि टिकणं इतकं अवघड का होऊन बसतं?

हा विषय कळमनुरीत का, असं तुम्ही विचाराल. तर १० जुलै २०२४ ची सकाळ आठवा. सव्वासातच्या सुमारास जमीन हलली. ४.५ तीव्रतेचा धक्का होता, आणि केंद्र आपल्याच तालुक्यात, रामेश्वर तांड्याच्या परिसरात होतं. त्याआधी २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले होते, ४.५ आणि ३.६ चे. मार्चच्या त्या धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाने लोकांना एक साधं आवाहन केलं होतं. पत्र्याच्या घरांवर आधारासाठी दगड ठेवले असतील, तर ते काढून घ्या.

आवाहन अगदी बरोबर होतं. डोक्यावर पडणारा दगड भूकंपाची तीव्रता विचारत नाही. पण आपण जरा त्या घरात उभे राहून विचार करू. तो दगड तिथे हौसेने ठेवलेला नव्हता. तो वाऱ्यासाठी होता. वैशाखातलं वादळ आलं की पत्रा उडतो, म्हणून दगड. दगड उतरवला तर पत्रा कशाने धरायचा? उत्तर आहे, आणि ते महागही नाही. पत्र्याला जे-बोल्ट, तो बोल्ट अँगलला, अँगल भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्यात पक्का बसवलेला. एवढंच. पण भिंतीत पट्टाच नसेल तर? मग अँगल कशात बसवायचा? म्हणजे दगडाचा प्रश्न पत्र्यापाशी जातो, पत्र्याचा भिंतीपाशी आणि भिंतीचा गवंड्यापाशी. आणि त्या गवंड्याला हे शिकवायचं कुणी, तिथे सगळं येऊन थांबतं.

कागदावर होतं, भिंतीत नव्हतं

आपल्या मराठवाड्याने याची किंमत एकदा मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायला आले होते. किल्लारी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून हजारो माणसं गेली. त्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप झाले आणि त्यांत याहून कमी माणसं दगावली, असंही घडलेलं आहे. मग इथे एवढी का?

घरं कशी होती ते आठवा. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती. बाहेरून पाहिलं तर भक्कम. आत मात्र ती एक भिंत नसायची, दोन असायच्या. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मध्ये खडी-मातीची भर. या दोन रांगांना एकमेकींशी बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद, त्यावर पाणी गळू नये म्हणून दरवर्षी मातीचा नवा थर. थरावर थर चढत फूट-दीड फूट माती झालेली. जमीन हलली तेव्हा भिंतीच्या दोन रांगा दोन बाजूंना फाकल्या आणि वरचा भार खाली आला. काही घरांत माळवद लाकडी खांब-तुळयांवर होतं, तिथे भिंत पडूनही छत टिकल्याची उदाहरणं आहेत.

आता उपाय ऐका. दगडी भिंतीत उभ्या दिशेने साधारण दोन फुटांत आणि आडव्या दिशेने चार फुटांत एक आरपार दगड. कोपऱ्यात लांब दगड, आलटून पालटून. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराला कमरपट्ट्यासारखा सलग पट्टा. भिंतीची जाडी विनाकारण वाढवू नका, माळवदावरची माती कमी करा. यातलं काहीच अवकाशशास्त्र नाही. भारतीय मानक संस्थेने साध्या दगड-विटांच्या घरांसाठी या गोष्टी मानकात लिहून छापल्या आहेत. आयएस १३८२८ हे त्या मानकाचं नाव, आणि त्याचं वर्षही १९९३ च आहे.

म्हणजे ज्ञान होतं. पण ते कागदावर इंग्रजीत होतं, आणि भिंत रचणारा माणूस ते कधी वाचणार नव्हता. इंजिनिअरला पट्ट्याची आकडेमोड येत होती, पण त्याने गावातलं घर कधी बांधलं नव्हतं. गवंड्याला दगड बसवता येत होता, पण आरपार दगड का हवा हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. या दोघांच्या मध्ये जो तिसरा माणूस हवा होता, ज्याच्या हातात थापीही आहे आणि खडूही आहे, तो नव्हता. माझ्या आजच्या बोलण्याचा विषय हा तिसरा माणूस आहे.

पाबळ

असा माणूस घडवण्याचा एक दीर्घ प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात झाला आणि चालू आहे. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, पाबळ नावाचं गाव आहे. अवर्षणप्रवण भाग. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग मूळचे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पीएच.डी. केलेली. मैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संस्थेत आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या जागेवर काम केलेलं. पन्नाशी उलटल्यावर ते सगळं सोडून ते पाबळला राहायला आले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं, म्हणजे जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी उभ्या केलेल्या संस्थेचं, हे एक केंद्र.

कलबागांचं म्हणणं थोडक्यात असं. लहान मूल चालायला, बोलायला, वस्तू हाताळायला शिकतं ते करून शिकतं. शाळेत गेल्यावर आपण ही वाट बंद करतो. बसायचं, ऐकायचं, लिहायचं. ज्यांना ते जमत नाही त्यांना आपण 'ढ' म्हणतो. खरं तर त्यांच्यातले बरेच जण हातांनी विचार करणारे असतात. त्यांना खरं काम द्या. खोटं, प्रात्यक्षिकापुरतं काम नको. ज्याची गावाला गरज आहे, ज्याचे कुणीतरी पैसे मोजणार आहे असं काम द्या.

दुसरी गोष्ट त्यांनी ओळखली ती मला फार महत्त्वाची वाटते. खेड्यात एकाच धंद्याचं वर्षभर काम नसतं. नुसता वेल्डर, नुसता प्लंबर खेड्यात पोट भरू शकत नाही. म्हणून तो शहरात जातो. गावात राहायचं असेल तर माणसाला चार गोष्टी यायला हव्यात. त्यामुळे आश्रमाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चार विभागांत आहे. एक अभियांत्रिकी, म्हणजे फॅब्रिकेशन, सुतारकाम, बांधकाम. दुसरा ऊर्जा आणि पर्यावरण, त्यात वीज, मोटार, पाण्याचा शोध. तिसरा गृह आणि आरोग्य. चौथा शेती आणि पशुपालन. शाळेत न रमलेली, आठवी-दहावीवर थांबलेली मुलं-मुली इथे येतात.

त्यांनी काय काय केलं? जीपचे जुने भाग वापरून छोटा ट्रॅक्टर बनवला, त्याचं नाव मेकबुल. जमिनीचा विद्युतरोध मोजून पाणी कुठे लागेल याचा अंदाज देणारं यंत्र तयार केलं आणि मुलं ते घेऊन शेतकऱ्यांच्या रानात गेली. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आणि वर फेरोसिमेंट, अशा घुमटाकृती खोल्या बांधल्या. 'पाबळ डोम' म्हणून त्या ओळखल्या जातात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकारातून तिथे फॅब लॅब आली. एमआयटीच्या बाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती आहे.

ही यादी ऐकली की माणसं यंत्रांबद्दल विचारतात. मला विचाराल तर तिथलं खरं नवल निदेशक आहे.

निदेशक म्हणजे कोण?

'निदेशक' हा शब्द तुम्ही आयटीआयमध्ये ऐकला असेल. शिक्षक नव्हे, प्राध्यापक नव्हे, निदेशक. जो काम दाखवतो आणि करून घेतो तो. पाबळच्या पद्धतीत शिकवण्याचा कणा हाच आहे. बऱ्याच वेळा तो आधी तिथेच शिकलेला असतो, किंवा गावातला कसबी माणूस असतो.

त्याला काय यावं लागतं? घुमटाचंच उदाहरण घेतो, कारण त्यात सगळं येतं.

त्रिकोण जोडून केलेला अगदी साध्या प्रकारचा अर्धगोल घुमट घ्या. त्यात दोनच लांबींच्या पट्ट्या लागतात. लांब ३५, आखूड ३०, एकूण ६५. आणि सांधे २६. घुमटाची त्रिज्या दहा फूट धरली तर लांब पट्टी सांध्यापासून सांध्यापर्यंत सुमारे ६ फूट २ इंच आणि आखूड सुमारे ५ फूट साडेपाच इंच. आता पट्ट्या कापायच्या, टोकांना भोकं पाडायची, आणि खालच्या रांगेपासून बोल्ट लावत वर जायचं.

पहिल्या दिवशी सगळं छान वाटतं. पट्टी चार-पाच मिलिमीटर कमी-जास्त झाली तरी बोल्ट बसतो. मुलं म्हणतात, चालतंय. दुसऱ्या रांगेत जरा ओढून घ्यावं लागतं. आणि शेवटी, अगदी माथ्याजवळ, भोकं एकमेकांसमोर येतच नाहीत. पहार घालून ओढा, हातोड्याने ठोका, बसत नाही. कारण ६५ पट्ट्यांच्या छोट्या छोट्या चुका जमा होऊन माथ्यावर पोहोचलेल्या असतात.

इथे चांगल्या निदेशकाची पहिली कसोटी लागते. त्याला स्वतःला ते काम यायला हवं, हे तर झालंच. त्याने स्वतः घुमट उभा केलेला हवा, त्याच्या बोटांना तो मिलिमीटर कळायला हवा.

दुसरी कसोटी हिशेबाची. पट्टी किती, बोल्ट किती, सिमेंट किती, जाळी किती, वाया जाणार किती, मजुरी किती, हे त्याने मुलांकडून कागदावर मांडून घ्यायला हवं. काम खरं असेल तर त्याचं अंदाजपत्रकही खरं असतं. ज्याचं घर आहे तो माणूस समोर बसून विचारतो, एवढे का? तेव्हा गणित पुस्तकातलं राहत नाही. 'त्रिकोणमिती कशाला शिकायची' हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही.

आणि तिसरी कसोटी सगळ्यात अवघड आहे. आपले हात मागे ठेवणं. कसबी माणसाला दुसऱ्याची चूक बघवत नाही. पोरगं ओळंबा चुकीचा धरतंय हे दिसलं की तो म्हणतो, सरक बाजूला, आणि दोन मिनिटांत स्वतः करून टाकतो. काम होतं, पण पोरगं तसंच राहतं. चुकू द्यायचं, पण माल वाया जाणार नाही आणि कुणाला इजा होणार नाही एवढ्या मर्यादेत चुकू द्यायचं, आणि मग विचारायचं, बाबा, हे का बसलं नाही? चांगला निदेशक आणि चांगला मिस्त्री यांत फरक पडतो तो इथे. मिस्त्रीचं काम भिंत पूर्ण झाली की संपतं. निदेशकाला ती भिंत रचणारा पोरगा तयार करायचा असतो.

आपल्या भागातली एक जुनी गोष्ट या ठिकाणी आठवते. इथून फार दूर नसलेल्या नर्सीचे नामदेव आणि तेरचे गोरोबाकाका. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारलं, काका, यांतलं कोणतं मडकं कच्चं ते सांगा. गोरोबा कुंभार. त्यांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. आपण ही गोष्ट गुरूचं महत्त्व म्हणून सांगतो. मला त्यात परीक्षेची पद्धत दिसते. थापटून, आवाज ऐकून, हाताने पारखायचं. लेखी पेपर नाही. निदेशक हेच करतो. तो भिंतीवर हात फिरवून सांगतो की माल पातळ झाला होता. रिंग हातात घेऊन सांगतो की टोक नुसतं काटकोनात वळवलंय, आत वळवलेलं नाही, धक्का बसला की उघडेल.

गवंडी शाळेत येतो तेव्हा

पाबळचं काम आश्रमापुरतं राहिलं नाही. त्याच धर्तीवर आठवी ते दहावीच्या मुलांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' असा विषय तयार झाला आणि महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. तेच चार विभाग. मुलं शाळेसाठी आणि गावासाठी कामं करतात. बाक दुरुस्त करतात, वायरिंग करतात, शेतकऱ्यांच्या मातीची तपासणी करतात, हिमोग्लोबिन मोजतात.

आणि शिकवायला कोण? तर गावातलेच कसबी लोक. ज्याचं वेल्डिंगचं दुकान आहे तो, ज्याची रोपवाटिका आहे तो. आठवड्यातला एक दिवस त्यांनी शाळेला द्यायचा.

ही कल्पना कागदावर साधी दिसते, पण तिच्यात केवढी उलथापालथ आहे पाहा. ज्या गवंड्याला शाळेने सातवीत नापास करून बाहेर काढलं, त्याच गवंड्याला मुलं 'सर' म्हणणार. शिक्षकांच्या खोलीत तो कुठे बसणार? चहाचा कप त्याच्यापर्यंत येणार का? त्याचं मानधन, पगार नव्हे, मानधन, वेळेवर निघणार का? ते मानधन साइटवरच्या रोजापेक्षा कमी असेल तर तो किती दिवस येणार? अशा योजना शिलाई मशीन नाही म्हणून क्वचितच बंद पडतात. त्या बंद पडतात त्या या प्रश्नांवर.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. १९१९ साली जर्मनीत वायमार इथे वॉल्टर ग्रोपियस यांनी बाउहाउस सुरू केलं. आधुनिक डिझाइनच्या इतिहासात त्याच्याइतकं नाव दुसऱ्या शाळेचं नाही. तिथे प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत. एक चित्रकार, आकाराचं शिकवणारा. दुसरा कारागीर, कामाचं शिकवणारा. कल्पना उत्तम. पण शाळेचे निर्णय जिथे होत त्या मंडळात मत होतं ते चित्रकारांना. कारागीर गुरूंना नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकांत पॉल क्ले आणि कँडिन्स्की यांची नावं आपण वाचतो. त्यांच्या शेजारी उभं राहून लाकूड आणि लोखंड शिकवणाऱ्यांची नावं सहसा कुणाला ठाऊक नसतात. १९२५ ला शाळा देसाऊला गेली तेव्हा त्यांनी वाट बदलली. दोन्ही हातांनी शिकलेले स्वतःचेच विद्यार्थी, मार्सेल ब्रॉयरसारखे, त्यांनी गुरू म्हणून घेतले. पाबळने माजी विद्यार्थ्यांना निदेशक केलं, त्यामागचं शहाणपण तेच आहे. दोन माणसांत वाटलेलं ज्ञान एका माणसात आणायचं.

आपल्या वर्ध्याची गोष्टही अशीच. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हस्तोद्योग हा स्वतंत्र तास नव्हे, त्याच्यातूनच भाषा, गणित, विज्ञान शिकायचं. पुढे अनेक शाळांत त्याचं काय झालं? टकळीचा एक तास झाला. माझ्या मते कारण हेच. ज्याच्या हातात कसब नव्हतं त्या मास्तरांवर उद्योग सोपवला, आणि ज्याच्या हातात होतं तो विणकर, तो सुतार शाळेच्या कुंपणाबाहेरच राहिला.

यात जातीचा भाग आहे, तो झाकून बोलण्यात अर्थ नाही. आपल्याकडे काम आणि ज्ञान यांची फारकत जन्माने ठरलेली होती. नामदेवांचेच सांगाती चोखोबा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, असं परंपरा सांगते. भिंत बांधणारा भिंतीखाली जातो आणि भिंत कशी उभी राहते याचा विचार करण्याचा मान दुसऱ्याला मिळतो, ही आपली जुनी रीत. गवंड्याला शाळेत 'सर' म्हणून बोलावणं हा त्या रीतीला दिलेला लहानसा पण खरा धक्का आहे.

माणूस गेल्यावर

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. अशा संस्था एका माणसावर चालतात, तो गेला की कुलूप लागतं. कलबाग २००३ साली गेले. आश्रम चालू राहिला. आज योगेश कुलकर्णी त्याची धुरा सांभाळतात. का चालू राहिला? मला दिसणारं उत्तर असं, की कलबागांनी वारस एकच ठेवला नाही. दरवर्षी शिकून बाहेर पडणाऱ्यांतले काही निदेशक होत गेले. कारखान्यात सुटा भाग जसा तयार असतो तसं नव्हे, तर विहिरीला जसे झरे असतात तसं. एक आटला तरी दुसरा चालू.

असे झरे दुसरीकडेही आहेत. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर भुजला हुन्नरशाला उभी राहिली. तिथल्या कारीगरशाळेत शाळा सुटलेली मुलं गवंडीकाम आणि सुतारकाम शिकतात, कसबी कारागिरांकडून. किल्लारीनंतर आपल्याकडे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झालं, तेव्हा गावोगाव महिलांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. ते फार शहाणपणाचं होतं. गवंडी कामावर असताना दिवसभर घरी कोण असतं? बाई. पुरुष रानात किंवा बाजारात. मालात पाणी किती घातलं, पट्ट्यात सळई टाकली की नाही, सात दिवस पाणी मारलं की नाही, हे तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिला काय बघायचं ते सांगितलं की ती उत्तम सुपरवायझर होते. म्हणून अशा शाळेत काम करणारी माणसं मोजताना बाईला शेवटी मोजू नका.

कळमनुरीत काय करता येईल?

मी तुम्हाला इथे विज्ञान आश्रम काढा असं सांगायला आलेलो नाही. एक शेड पुरे. एखाद्या माध्यमिक शाळेच्या मागचं, कौलं फुटलेलं, असलं तरी चालेल. आठवड्यातला एक दिवस. आणि एक गवंडी.

त्या शेडमध्ये माणसाच्या उंचीची एक भिंत बांधायची. अर्धी जुन्या पद्धतीने, अर्धी आरपार दगड आणि पट्टा घालून. मुलांनी बांधायची, गवंड्याने दाखवायचं, विज्ञानाच्या शिक्षकांनी 'का' ते सांगायचं. दुसऱ्या महिन्यात एक पत्र्याचं छप्पर, दगडाशिवाय, जे-बोल्टवर. तिसऱ्या महिन्यात गावातल्या ज्या घरावरून दगड उतरवले त्या घराचं छप्पर मुलांनी मोजायचं, अंदाजपत्रक काढायचं, आणि मालकाला परवडेल तर बसवून द्यायचं. एवढं झालं की शाळा सुरू झाली असं समजा. यंत्रं मागाहून येतील.

अडचण सिमेंटची नाही, गवंड्याची आहे. आपल्या भागातली कितीतरी कसबी माणसं दिवाळीनंतर इथे नसतातच. कुणी उसाला, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला इमारतीच्या कामाला. जिथे जमीन हलते तिथला गवंडी दुसऱ्याच्या शहरात पंधरावा मजला चढवतोय. त्याला आठवड्यातला एक दिवस इथे थांबवायचा असेल तर त्या दिवसाचा रोज साइटइतका तरी द्यावा लागेल, आणि 'सर' ही हाक मनापासून द्यावी लागेल. पहिली गोष्ट ग्रामपंचायतीच्या, शाळा समितीच्या हातात आहे. दुसरी आपल्या सगळ्यांच्या.



प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, आमच्या मिस्त्रीला पट्टा टाका म्हटलं तर तो म्हणतो, चाळीस वर्षं अशीच घरं बांधली, एकही पडलं नाही. त्याला काय सांगायचं?*

त्याला चूक ठरवू नका. त्याचं म्हणणं खरं आहे. चाळीस वर्षांत त्याच्या घरांना मोठा धक्का बसलेला नाही, म्हणून पडली नाहीत. त्याला विचारा, मिस्त्री, माळवदावर एवढी माती टाकून तुम्ही स्वतः आत निवांत झोपाल का? जुन्या गवंड्यांना बरंच माहीत असतं, मालक पैसे वाचवतो म्हणून ते गप्प बसतात. दहातल्या सात वेळा दोष मालकाच्या घाईचा असतो, हा माझा अंदाज आहे, पाहणी नव्हे. पट्ट्याचे पैसे मोजायला तयार आहात हे आधी सांगा, मग त्याचं मत विचारा.

*प्रश्न : माझा मुलगा दहावी नापास आहे. हातांनी फार छान काम करतो. त्याला असल्या ठिकाणी पाठवलं तर लोक म्हणतील, गवंडी केला. मग त्याला नोकरी, लग्न...*

ताई, तुमची काळजी खोटी नाही. लोक म्हणतील. एक वर्ष शिकून तो लगेच साहेब होणार नाही, हेही खरं. पण चार विभागांतलं काम येणारा माणूस गावात रिकामा बसत नाही. आणि पुढे त्याने दुसऱ्या दहा जणांना शिकवलं, तर 'गवंडी केला' म्हणणारेच त्याच्याकडे आपला मुलगा घेऊन येतील. त्याला एकदा विचारा, त्याला काय आवडतं. आणि शक्य झालं तर पाठवण्याआधी त्याच्याबरोबर तुम्हीही जा, चार तास तिथे बसा, निदेशक मुलांशी कसा बोलतो ते बघा. इमारत बघू नका. त्या माणसाचं बोलणं पटलं तर मुलाला ठेवा, नाही पटलं तर परत आणा.